रोगी, डॉक्टर आणि मधला कागद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार-चार गुणही तेथे दिले आहेत. वैद्याचे गुण वाचताना नवल वाटत नाही. शास्त्राचे ज्ञान, पुष्कळ पाहिल्याचा अनुभव, दक्षता आणि शुचिता ह्या गोष्टी वैद्याच्या अंगी असाव्यात, हे कोणीही सांगेल. नवल वाटते ते रोग्याचे गुण वाचताना. बिचारा अंथरुणावर पडलेला माणूस. त्याच्याकडून कसली अपेक्षा करावयाची? पण ग्रंथकार त्याच्याकडूनही चार गोष्टी मागतो : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे रोग्याला आठवले पाहिजे, सांगितलेले त्याने केले पाहिजे, त्याने भिता कामा नये, आणि आपल्याला काय होते आहे ते त्याला नीट सांगता आले पाहिजे.

ह्या चारांपैकी आपल्या दवाखान्यांनी एकच गुण उचलून धरला आहे, तो निर्देशकारित्वाचा. 'सांगितले तेवढे करा' हे वाक्य आमच्या माहीमपासून मुंबईपर्यंत कोठल्याही दवाखान्यात ऐकू येते, आणि 'डॉक्टर म्हणतील तसे' हे त्याचे ठरलेले उत्तर असते. ह्या उत्तरात आदर आहे, विश्वासही आहे. पण उरलेले तीन गुण त्या आदराखाली दबून जातात. रोग्याला आठवत नाही, तो विचारत नाही आणि सांगतही नाही. मग डॉक्टरांचा निर्देश कितीही अचूक असला तरी तो दुसऱ्याच कोणा रोग्यासाठी दिल्यासारखा होतो. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. तेव्हा औषधांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु रोगी व डॉक्टर हा दोन माणसांमधला संबंध आहे, आणि तेवढ्यापुरते बोलावयास हरकत नसावी. माझे म्हणणे असे की, हा संबंध फलदायी व्हावयाचा असेल तर आजाराची नोंद रोग्याच्या घरी, रोग्याच्या हाती असली पाहिजे. म्हणणे वरवर किरकोळ वाटेल. पण आठवणे, सांगणे आणि न भिणे ह्या तिन्ही गोष्टी त्या एका कागदाशी कशा येऊन मिळतात, ते पाहण्याजोगे आहे.

प्रथम ज्ञापकत्व घेते, कारण तो आपल्या, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांच्या, अंगणातला विषय आहे. दुखण्याच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. पोटात येते ती कळ. ती येते, जाते, पुन्हा येते. पू धरलेल्या बोटात असतो तो ठणका. कमरेतून पायापर्यंत जाते ती चमक. मधुमेह जुना झालेल्या माणसाच्या तळपायाला येतात त्या मुंग्या. शिवाय उसण, रग, जळजळ, मळमळ, कणकण, धडधड हे शब्द आहेतच. 'चक्कर' ह्या एका तक्रारीचेच पाहा. घर फिरल्यासारखे वाटले तर आपण 'गरगरते' म्हणतो, एकदम उठून उभे राहिल्यावर दिसेनासे झाले तर 'अंधारी आली' म्हणतो, आणि चालताना एका बाजूला जाऊ लागलो तर 'तोल जातो' म्हणतो. ह्या तिन्हींची कारणे पुष्कळदा वेगवेगळी असतात : पहिल्याचे कानात असू शकते, दुसऱ्याचे रक्तदाबात, तिसऱ्याचे मज्जासंस्थेत. अडाणी समजली जाणारी म्हातारी हा भेद एका शब्दात करून दाखवते. पण केसपेपरवर इंग्रजीत तिन्हींसाठी बहुधा एकच शब्द पडतो. त्यात आमच्या किनाऱ्यावर वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली, आणि डॉक्टर आलेला असावयाचा सातारचा किंवा लातूरचा. शब्द हरवतो, आणि त्याबरोबर अर्धे निदानही हरवते.

शब्द सापडला तरी तो उच्चारायला वेळ हवा. अमेरिकेत बेकमन व फ्रँकेल ह्या दोघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, रोगी आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. आपल्याकडची स्थिती अधिक बिकट आहे. २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतील तपासणीच्या वेळेची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात भारतातील प्राथमिक उपचाराची भेट सुमारे दोन मिनिटांची भरली. दोन मिनिटांत नाव, वय, तक्रार, नाडी, रक्तदाब आणि चिठ्ठी! ह्यात डॉक्टरांचा दोष किती आणि बाहेर बाकावर बसलेल्या गर्दीचा किती, हा प्रश्न वेगळा. पण दोन मिनिटे हेच जर आपले भांडवल असेल तर ते कसे खर्चावे, ह्याचा विचार दोघांनीही करावयास हवा. घरून लिहून आणलेल्या चार ओळी डॉक्टरांना वाचावयास पंधरा सेकंद लागतात. त्याच चार गोष्टी तोंडी सांगावयास रोग्याला पाच मिनिटे लागतात आणि त्यांतल्या दोन राहून जातात.

येथे थोडे विषयांतर करते. माहीमला लागूनच केळवे आहे आणि तेथे शीतळादेवीचे जुने देऊळ आहे. शीतळा ही ज्या रोगाची देवता, त्या रोगालाच आपण 'देवी' म्हणत आलो. रोग म्हणजे देवी, आणि तो टळावा म्हणून टोचून घ्यावयाचे तेही 'देवी टोचून घेणे'च. माझी आजी लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला अजूनही 'देवी डॉक्टर' म्हणते. भारतात देवीचा रोग १९७५ मध्ये संपला आणि १९८० मध्ये जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देऊळ आहे आणि नवसही आहेत. मला सांगावयाचे ते एवढेच, की देवीचा कोप मानणाऱ्या लोकांनीच अखेर हात पुढे करून लस घेतली. आजाराचे स्वतःचे स्पष्टीकरण प्रत्येक रोग्यापाशी असते आणि ते डॉक्टरांच्या स्पष्टीकरणाच्या शेजारी नांदू शकते, फक्त ते कोणी तरी विचारले पाहिजे. आर्थर क्लाइनमन ह्या मानसोपचारतज्ज्ञ-मानवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांना असेच सुचविले : हे कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते, ते आत्ताच का झाले, तुम्हाला ह्याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, असे प्रश्न रोग्याला विचारा. आमच्याकडे भगताकडे जाऊन आलेला रोगी दवाखान्यात ती गोष्ट चोरून ठेवतो, कारण सांगितली तर बोलणी बसतील. पण भगताने काही पाला पोटात दिला असेल तर तो डॉक्टरांना कळलाच पाहिजे.

चोरून ठेवणे नेहमी भगताचेच असते असे नाही. आमच्या घरचे उदाहरण देते. माहीम हे सोनोपंत दांडेकरांचे गाव. वारकरी संप्रदायाचे संस्कार येथल्या पुष्कळ घरांत आहेत. माझी आजी एकादशी करते, आणि गेली कित्येक वर्षे तिला मधुमेह आहे. महिन्याला औषधे बदलत, रक्तातील साखर कधी वर तर कधी खाली, आणि प्रत्येक भेटीत 'आजी, पथ्य पाळत नाही तुम्ही' हा शेरा. आजीला तो लागे, पण ती मुकाट्याने ऐकून घेई. मागल्या आषाढीला दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, आणि ती मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारू लागली. साखरेच्या यंत्राने ५४ आकडा दाखविला. गुळाचे पाणी पाजल्यावर ती पंधरा-वीस मिनिटांनी सावध झाली आणि पहिले वाक्य बोलली ते 'माझा उपास मोडला का गं?'

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी एक वही घातली. शंभर पानी, साधी. तारीख, सकाळची साखर, गोळी घेतली की नाही, आणि शेवटचा रकाना 'आज काय विशेष'. दोन महिन्यांत त्या शेवटच्या रकान्याने सगळा उलगडा केला. आजीची आषाढी व कार्तिकी निर्जळी असते, पण गोळी मात्र ती सकाळी नेमाने घेते, कारण 'डॉक्टरांनी चुकवू नका म्हटले आहे'. साखर उतरविणारी गोळी पोटात आणि अन्नाचा कण नाही, मग साखर तळाला जाणारच. उलट बाकीच्या एकादशांना साबुदाण्याची खिचडी, रताळी, बटाटे, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात तसे. त्या दिवशी आकडा २५० च्या वर. डॉक्टरांच्या तपासणीला कधी एकादशीनंतरचा रक्तनमुना जाई, कधी आधीचा, आणि त्यावर औषध वरखाली होई. आजी निर्देशकारी होती, अगदी अक्षरशः. फक्त उपासाचे कोणी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

वही घेऊन आम्ही पालघरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाने उलटली, मग खुर्ची पुढे ओढून घेतली आणि आजीला विचारले, "आजी, वर्षात निर्जळ किती करता?" हा प्रश्न आजीला फार आवडला. त्या प्रश्नानंतर ती जे बोलू लागली ते डॉक्टरांनाच घड्याळाकडे पाहावे लागले. 'उपास सोडा' असे ते म्हणाले नाहीत. म्हटले असते तर ती त्यांचा दवाखाना सोडती. निर्जळीच्या दिवशी कोणती गोळी घ्यावयाची नाही, घाम सुटला तर साखर घ्यावयाची आणि ती घेतल्याने पाप लागत नाही, आणि बाकीच्या एकादशांना साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ थोडे व दाण्याची आमटी, एवढे त्यांनी वहीतच लिहून दिले. (हा सल्ला आजीपुरता आहे, कोणी वाचून आपल्या घरी लागू करू नये.) पापाबद्दलचा निर्णय डॉक्टरांच्या अधिकारातला नव्हता हे खरे, पण आजीने तो मान्य केला.

आता स्मृतीकडे वळते. आपल्या भागातील गंभीर आजाराचा प्रवास ठरलेला असतो. गावचा डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पालघरचे रुग्णालय, आणि मग गाडीने मुंबई. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला आहे. सकाळच्या गाडीत पाहावे तर प्रत्येक डब्यात एखाद्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, केमिस्टची बिले, देवाचा अंगारा. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ती पिशवी टेबलावर रिकामी होते. तरुण डॉक्टर त्या ढिगातून तारखा जुळवू लागतो आणि अर्ध्यातच म्हणतो, 'सगळे पुन्हा करून घ्या.' खर्च दुप्पट, रक्त पुन्हा, दिवस पुन्हा. ढीग म्हणजे स्मृती नव्हे. तारखेने लावलेली दहा पाने ही स्मृती होय.

ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या इतिहासात आमच्याच भागाचा अंश आहे, हे मला हा लेख लिहिताना विशेष वाटले. डेव्हिड मोर्ले नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने नायजेरियातील खेड्यांत काम करताना मुलाच्या वजनाचा तक्ता आईच्याच स्वाधीन केला. दवाखान्यात ठेवलेली कार्डे हरवत, शोधताना वेळ जाई. आई मात्र आपल्या मुलाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवी. त्या तक्त्यावरची रेघ वर चढते आहे की आडवी झाली आहे, हे निरक्षर आईलाही समजे. आणि रेघ आडवी झाली की ती स्वतः होऊन विचारू लागे. आपल्याकडे डॉ. पी. एम. शहा आणि डॉ. पी. एम. उदानी ह्या बालरोगतज्ज्ञांनी पालघरच्या ग्रामीण भागातील अर्भकांच्या जन्ममृत्यूचा अभ्यास करून तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९७० च्या दशकात डॉ. शहांनी डहाणू तालुक्यातील कासा येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात माता-बाल आरोग्य व पोषणाचा प्रकल्प चालविला. गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना अंशकालीन कार्यकर्त्या म्हणून घेऊन त्यांच्याकडून मुलांची वजने नियमाने घेतली जात आणि घसरणारे मूल वेळीच हुडकले जाई. हेच डॉ. शहा नंतर जागतिक आरोग्य संघटनेत गेले. गरोदर स्त्रीने आपल्या आरोग्याचे कार्ड आपल्या घरी ठेवावे, ह्या पद्धतीची अनेक देशांत पाहणी झाली आणि तिचा अहवाल त्यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. आज आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई ज्या 'माता-बाल संरक्षण कार्डा'वर खुणा करतात आणि जे कार्ड आई घरी ठेवते, ते ह्याच विचाराच्या वळणाचे आहे. आपण कासा म्हटले की महामार्गावरची एक वस्ती एवढेच आठवतो.

मुलाच्या बाबतीत जे आपण इतक्या वर्षांपूर्वी मान्य केले ते मोठ्या माणसाच्या बाबतीत का नाही? रक्तदाब, मधुमेह, क्षय, दमा, आणि आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल, हे सारे आजार महिनोन् महिने किंवा जन्मभर चालणारे आहेत. सिकलसेलच्या रोग्याला वेदनांचा झटका येतो तेव्हा रात्रपाळीचा नवखा डॉक्टर गोंधळतो. मागल्या झटक्याला काय दिले होते हे रोग्याच्या हाती लिहिलेले असेल तर तास-दोन तास वाचतात. अमेरिकेत २०१० मध्ये बॉस्टन आणि इतर दोन ठिकाणी एक प्रयोग झाला. शंभरावर डॉक्टरांनी आपण रोग्याविषयी लिहिलेली टिपणे रोग्यांना वाचावयास खुली केली. डॉक्टरांना धास्ती होती की रोगी घाबरतील, वाद घालतील, वेळ खातील. वर्षभराने प्रयोग संपला तेव्हा एकाही डॉक्टराने ही पद्धत थांबविली नाही, आणि रोग्यांपैकी पुष्कळांनी सांगितले की आता औषधे आम्ही अधिक नेमाने घेतो. म्हणजे कागद उघडा केला की निर्देशकारित्वही वाढते! चरकाने हे गुण एकत्र का सांगितले असतील ते येथे कळते.

आपल्याकडे कायदा ह्या बाबतीत रोग्याच्या बाजूचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रोग्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावी, अशी दुरुस्ती त्यात २०१६ मध्ये झाली. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला समजावून घेतलेली संमती कशी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सांगितले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. त्याआधीच, १९९५ च्या निकालाने, पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आला होता. हे सर्व आवश्यक आहे. पण मला असे वाटते की, कायदा कागद मिळवून देतो, बोलणे मिळवून देत नाही. ग्राहक आणि दुकानदार एवढेच नाते उरले की डॉक्टर आपल्या बचावासाठी दोन तपासण्या जास्त सांगतो आणि रोगी दोन जास्त दवाखाने फिरतो.

अभीरुत्वाचे उदाहरण मला गडचिरोलीचे द्यावेसे वाटते. डॉ. अभय व राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये तेथे काम सुरू केले. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. लोक म्हणाले, तुमची इमारत मोठी, आत गेल्यावर वाट सापडत नाही; तुमचे लोक पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढरे कापड मेलेल्याला गुंडाळतो; नातेवाइकांना तुम्ही बाहेर काढता; आणि आमचा देव तेथे नाही. तेव्हा तेथले रुग्णालय गोंड वस्तीसारखे, झोपड्या-झोपड्यांचे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. डॉक्टरांच्या दृष्टीने ह्यांतील एकही कारण 'वैद्यकीय' नव्हते. पण भीतीचे कारण रोग्यालाच ठाऊक असते, आणि ते विचारल्याखेरीज बाहेर येत नाही.

आमच्या जिल्ह्यातही रोग्यांनी बोलावे ह्यासाठी एक प्रयत्न झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात प्रथम जे पाच जिल्हे निवडले गेले त्यांत ठाणे होता, आणि पालघर तेव्हा ठाण्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यावयाचे आणि मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावयाचे, अशी ती पद्धत. तिचा उपयोग झाला असे मी मानते. तथापि जनसुनावणीत डॉक्टर आरोपीच्या जागी उभा असतो, आणि पुष्कळदा ज्या गोष्टीबद्दल त्याला विचारले जाते, म्हणजे औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, नादुरुस्त गाडी, ती त्याच्या हातातली नसते. हे गाऱ्हाणे डॉक्टरानेही त्याच सभेत मांडले, तर मात्र दोघे एका बाजूला येतात.

डॉक्टरांची बाजू मी मुद्दाम ऐकून घेतली. आजीचे जे डॉक्टर, त्यांनाच विचारले की तुम्हाला जाणता रोगी आवडतो का? ते हसले. म्हणाले, "जाणता आवडतो, ठरवून आलेला आवडत नाही." मोबाइलवर वाचून रोगाचे नाव घेऊन येणारे लोक हल्ली रोज येतात. डॉक्टरांचे म्हणणे असे की, नाव आणू नका, लक्षण आणा. नाव शोधावयाचे काम माझे. वाचून आलेली शंका जरूर विचारा, पण ती शेवटी विचारा. दुसरे गाऱ्हाणे सुईचे. तापात इंजेक्शन दिले नाही तर 'ह्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही' म्हणून माणूस पुढच्या दवाखान्यात जातो, आणि तेथे त्याला हवी ती सुई मिळते. तिसरे गाऱ्हाणे त्यांनी आवाज खाली आणून सांगितले : रात्री नातेवाइकांचा जमाव आला की पोटात गोळा येतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० मध्ये कायदा करावा लागला, ही गोष्ट आपल्या समाजाला भूषणावह नाही. अभीरुत्व हा गुण चरकाने रोग्याच्या पदरात टाकला. आज तो वैद्यालाही हवा आहे.

वहीवर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वर्गात आमच्या सरांनीही घेतला : ज्यांना लिहितावाचता येते त्यांच्यासाठी हे ठीक, बाकीच्यांचे काय? ह्याला माझ्यापाशी तात्त्विक उत्तर नाही, एक उदाहरण आहे. आमच्या पानवेलीच्या वाडीत एक मावशी कामाला येतात. त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत. केमिस्टने एका पाकिटावर सूर्य आणि दुसऱ्यावर चंद्र काढून दिला आहे, म्हणून त्यांचा घोटाळा होत नाही. तरीही रक्तदाब उतरत नव्हता. त्यांची मुलगी सातवीत आहे. आजीची वही पाहून तिने आईसाठी तशीच एक आखली. रकाने तिने तिच्या मनाने घातले : सूर्य, चंद्र, आणि 'आज काम होते का?' महिनाभराने दिसले की, कामाच्या दिवशी सूर्याच्या रकान्यात फुली आहे आणि खाड्याच्या दिवशी बरोबरची खूण. सूर्याची गोळी लघवी वाढविणारी होती. वाडीत काय किंवा भातलावणीला काय, बाईमाणसाला दिवसभर जावयास आडोसा नसतो. म्हणून मावशी कामाच्या दिवशी ती गोळी मुळी घेतच नव्हत्या. पुरुष डॉक्टरांपुढे हे बोलावयाचे कसे? त्या बोलल्या नाहीत. वही मात्र टेबलावर ठेवली आणि मुलीने रकान्यावर बोट ठेवले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "काम किती वाजता सुटते?" चार वाजता, मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी वही घेतली, सूर्यावर काट मारली आणि त्याच्या जागी एक घर काढून दिले; म्हणजे घरी पोचल्यावर घ्यावयाची.